लेसर-संमीलनासाठी कोणते चेंबर? कोरडी भिंत, वायूचे कवच आणि वाहता द्रव यांचा तुलनात्मक आढावा

लेसरच्या साहाय्याने अणुसंमीलन घडवणारे जगातले सर्वांत मोठे केंद्र, म्हणजे कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेची नॅशनल इग्निशन फॅसिलिटी अर्थात एनआयएफ, वर्षाला साधारणपणे ४०० शॉट, म्हणजे लक्ष्यावर लेसरचे एकेक मारे, घेते आणि त्यांतले मोजकेच शॉट मोठी संमीलन-ऊर्जा देणारे असतात. याउलट लेसर-संमीलनावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या बहुतेक आराखड्यांत सेकंदाला ५ ते १६ शॉट गृहीत धरलेले आहेत. एनआयएफच्या चेंबरला, म्हणजे ज्या बंद पात्राच्या मध्यभागी हे शॉट होतात त्याला, वर्षभरात जेवढे शॉट सोसावे लागतात तेवढे या चेंबरच्या वाट्याला दीड मिनिटाच्या आत येतील, आणि त्यांतला प्रत्येक शॉट एनआयएफच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या शॉटपेक्षाही अनेक पटींनी मोठा असेल. चेंबरच्या रचनेतील सुधारणा हा विषय हाताळताना हे अंतर सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागते, कारण आज उभ्या असलेल्या चेंबरमध्ये थोडीफार दुरुस्ती करून ते पार करता येणार नाही.

ज्यांना या क्षेत्रात प्रत्यक्ष निवड करायची आहे, म्हणजे जे विद्यार्थी किंवा अभियंते पुढील काही वर्षांच्या कामासाठी एखादी रचना निवडत आहेत, अथवा जो गट मध्यम आकाराचे, वारंवार शॉट घेणारे प्रायोगिक केंद्र आखत आहे, त्यांच्यासाठी हा आढावा लिहिला आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. भिंत कोणती घ्यावी हा प्रश्न बहुतेक ठिकाणी पहिला विचारला जातो, पण तो खरे तर तिसरा प्रश्न आहे. इंधनगोळी थेट पद्धतीची (लेसरचे किरण थेट गोळीवर पडून तिला दाबतात) आहे की अप्रत्यक्ष पद्धतीची (गोळी धातूच्या डबीत असते आणि डबीतले क्ष-किरण तिला दाबतात), आणि शॉटचा दर किती आहे, ही दोन उत्तरे आधी पक्की झाली की भिंतीचे पर्याय आपोआप कमी होतात, आणि ती पक्की नसतील तर कोणत्याही भिंतीच्या बाजूने तितकाच पटण्याजोगा युक्तिवाद करता येतो.

भिंतीपर्यंत काय पोहोचते आणि केव्हा

इंधनातील ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या प्रत्येक संमीलनातून १७.६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते, तिच्यातील १४.१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट एक न्यूट्रॉन घेऊन जातो आणि ३.५ हेलियमच्या केंद्रकाकडे राहतात. पाठ्यपुस्तकातली ही ८०-२० ची वाटणी चेंबरच्या रचनाकाराला पुरत नाही. दाबलेले इंधन इतके दाट असते की न्यूट्रॉनांची काही ऊर्जा बाहेर पडण्याआधी त्यातच मुरते, आणि हेलियमची बरीचशी ऊर्जा पुढे क्ष-किरणांच्या व उडालेल्या अवशेषांच्या रूपाने बाहेर येते. अमेरिकेतील अभ्यासांमध्ये संदर्भ म्हणून वापरल्या गेलेल्या, १५४ मेगाज्यूल देणाऱ्या थेट पद्धतीच्या इंधनगोळीचा हिशेब पाहिला तर सुमारे ७१ टक्के ऊर्जा न्यूट्रॉनांत, जेमतेम दीड टक्का क्ष-किरणांत आणि २८ टक्के वेगवान आयनांत, म्हणजे विद्युतभारित अणूंत, असते. त्याच अभ्यासमालिकेत तपासलेल्या, लेसरऐवजी जड आयनांच्या झोतासाठी आखलेल्या अप्रत्यक्ष पद्धतीच्या इंधनगोळीत न्यूट्रॉनांचा वाटा जवळपास तेवढाच राहतो. परंतु क्ष-किरण २५ टक्क्यांपर्यंत चढतात आणि आयन ६ टक्क्यांवर येतात, कारण इंधनगोळीभोवतीची जड धातूची डबी, म्हणजे होलराउम, आयनांना अडवते आणि तापून क्ष-किरण फेकते.

हे आकडे पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया आहेत. थेट पद्धतीत भिंतीचा शत्रू आयन आहे, तर अप्रत्यक्ष पद्धतीत क्ष-किरण. न्यूट्रॉन दोन्हीकडे सारखेच, आणि त्यांच्यापुढे पृष्ठभागावरचा कोणताही पातळ थर निरुपयोगी आहे.

या तिघांच्या येण्याच्या वेळाही वेगळ्या आहेत. भिंत केंद्रापासून ५ मीटरवर असेल तर क्ष-किरण १७ नॅनोसेकंदांत पोहोचतात, १४.१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन १०० नॅनोसेकंदांच्या आसपास, हेलियमची वेगवान केंद्रके ४०० नॅनोसेकंदांच्या थोडी आत आणि अवशेषांचे जड आयन त्यानंतर काही मायक्रोसेकंदांत. क्ष-किरणांची उष्णता पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात क्षणार्धात साठते आणि तिला आत झिरपायला वेळच मिळत नाही. आयनांची उष्णता मायक्रोसेकंदांवर पसरते आणि किंचित खोलवर जाते. म्हणूनच प्रति चौरस सेंटीमीटर तेवढीच ऊर्जा क्ष-किरणांतून आली तर भिंतीला अधिक घातक ठरते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर क्ष-किरणांना विरळ वायूने अडवता येते आणि आयनांना चुंबकीय क्षेत्राने वळवता येते, हा दिलासाही याच फरकातून मिळतो.

आज उभी असलेली चेंबरे काय शिकवतात

एनआयएफचे चेंबर म्हणजे १० मीटर व्यासाचा, १० सेंटीमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा गोल असून त्याच्यावर बाहेरून सुमारे ३० सेंटीमीटर बोरॉनयुक्त काँक्रीटचा थर आहे. सुमारे १३० टन वजनाचा हा गोल जून १९९९ मध्ये, इमारत पूर्ण होण्याआधी, प्रचंड क्रेनने उचलून जागेवर बसवण्यात आला. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या लेझर मेगाज्यूल केंद्राने २००६ मध्ये बसवलेले चेंबरही याच घराण्यातले आहे: १० मीटर व्यास, ॲल्युमिनियम, आणि काँक्रीटचा थर थोडा अधिक जाड. दोन्ही ठिकाणी ॲल्युमिनियम का, याचे उत्तर किरणोत्सारितेत आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ॲल्युमिनियममध्ये तयार होणारा सोडियम-२४ हा समस्थानिक १५ तासांच्या अर्धायुष्याचा आहे. त्यामुळे मोठ्या शॉटनंतर काही दिवस थांबले की माणसांना जवळ जाता येते. साध्या पोलादात कोबाल्ट-६० सारखे, ५ वर्षांहून अधिक अर्धायुष्याचे समस्थानिक तयार होतात आणि ते प्रयोगशाळेची पाठ सोडत नाहीत.

प्रायोगिक केंद्रासाठी हा निर्णय उत्तम होता. तो वीजकेंद्राला मात्र लागू होत नाही, कारण ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच खाली त्याची ताकद कमी होऊ लागते, तर वीज तयार करण्यासाठी चेंबरमधून ५०० अंशांच्या घरातली उष्णता बाहेर काढावी लागते. चेंबरच्या आतल्या बाजूस एनआयएफने झडपांसारखे तिरके स्टेनलेस पोलादाचे पत्रे बसवले आहेत. उडालेले अवशेष आणि इंधनगोळीला न लागलेला भटका लेसरप्रकाश त्यांच्या खाचांत अडकतो. अंतिम भिंगांपुढे ३ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या बदलत्या ढाली असतात, ज्या खराब झाल्या की काढून टाकल्या जातात. यातली तिरक्या पत्र्यांची कल्पना पुढच्या पिढीत टिकेल. काचेच्या ढाली बदलत राहण्याची पद्धत सेकंदाला १० शॉट असताना टिकणार नाही.

एनआयएफने ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसरऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा मिळवली आणि एप्रिल २०२५ मध्ये हा आकडा ८.६ मेगाज्यूलवर नेला. चेंबरची रचना ४५ मेगाज्यूलपर्यंतच्या शॉटचा विचार करून झालेली असल्यामुळे भिंतीच्या बाजूने अजून पुष्कळ वाव शिल्लक आहे, ही दूरदृष्टी दाद देण्याजोगी आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठाचे ओमेगा केंद्र याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याचे चेंबर ३.३ मीटर व्यासाचे आहे आणि त्यात ६० किरण सर्व दिशांनी सारखे येतात. तिथे एका शॉटमधली संमीलन-ऊर्जा जास्तीत जास्त एका किलोज्यूलच्या घरात असते. त्यामुळे भिंतीची चिंता जवळजवळ नाही आणि सगळे लक्ष किरणांच्या समतोलावर व मोजमापांच्या उपकरणांवर देता येते. तुमच्या नियोजित केंद्रातील शॉट या पातळीचे असतील तर पुढील चर्चेतला बराचसा भाग तुम्हाला लागू नाही. साधे ॲल्युमिनियमचे चेंबर घ्यावे, मोजमापांसाठी जितकी तोंडे सुचतील त्याहून अधिक ठेवावीत आणि पैसा लेसरवर खर्च करावा.

कोरडी भिंत

कोरड्या भिंतीच्या रचनेत चेंबर जवळजवळ निर्वात असते आणि घन भिंत थेट मारा सोसते. या मार्गाचा सर्वांत सखोल अभ्यास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली २००० च्या दशकात झाला. क्रिप्टॉन-फ्लोराइड लेसर, थेट पद्धतीची इंधनगोळी आणि फेरिटिक पोलादावर टंगस्टनचा थर, अशी ती मांडणी होती. टंगस्टन निवडण्याचे कारण उघड आहे: त्याचा वितळबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस आहे आणि ते उष्णता चांगली वाहून नेते.

तरीही अंतराचा हिशेब कठोर आहे. वर सांगितलेल्या १५४ मेगाज्यूलच्या इंधनगोळीतून ४३ मेगाज्यूल आयनांच्या रूपाने निघतात. भिंत साडेसहा मीटरवर असेल तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ८ ज्यूल, तेही मायक्रोसेकंदांच्या अवधीत, येऊन पडतात. त्यामुळे पुढे ३५० मेगाज्यूलच्या इंधनगोळीचा विचार सुरू झाल्यावर त्रिज्या साडेदहा मीटरच्या आसपास न्यावी लागली. त्रिज्या वाढली की निर्वात-पात्राचा खर्च, अंतिम आरशांचे अंतर आणि इंधनगोळीला केंद्रापर्यंत नेमके फेकण्याची अडचण, हे सारेच वाढते.

तापमानाची मर्यादा पाळली तरी दोन रोग उरतात. पहिला म्हणजे पृष्ठभाग हळूहळू खडबडीत होणे व त्याला भेगा पडणे. सँडिया प्रयोगशाळेतील आयन-स्पंदांच्या चाचण्यांमध्ये वितळबिंदूच्या खालीसुद्धा टंगस्टन असे खराब होताना दिसले. दुसरा रोग हेलियमचा आहे. इंधनातून आलेली हेलियमची केंद्रके धातूत काही मायक्रोमीटर खोल रुतून बसतात, तिथे त्यांचे बुडबुडे होतात आणि अखेर वरचा थर सोलवटतो. यावर सूक्ष्म सच्छिद्र टंगस्टन हा एक उपाय सुचवला गेला आहे, ज्यात हेलियमला बाहेर पडायला जवळच वाट मिळते. दुसरा उपाय अधिक मूलगामी आहे: चेंबरभोवती विशिष्ट आकाराचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करून आयनांना भिंतीवर पोहोचूच द्यायचे नाही, त्यांना ठरावीक फटींतून बाहेरच्या सापळ्यांकडे वळवायचे. या कल्पनेचा लहान प्रमाणावरील प्रयोग नौदलाच्या त्याच प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास यशस्वी झालेला आहे, आणि मला ही या मार्गातली सर्वांत आशादायक सुधारणा वाटते. कारण ती आयनांचा प्रश्न भिंतीच्या पदार्थावर न सोपवता मुळाशीच हाताळते. चुंबकांच्या वेटोळ्यांना न्यूट्रॉनांपासून वाचवणे, ही तिची किंमत आहे.

कोरड्या भिंतीचा मोठा गुण असा की चेंबरमधले वातावरण स्वच्छ राहते. थेट पद्धतीची इंधनगोळी साधारण १८ केल्विन तापमानाला गोठवलेली असते आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचा बर्फ २० केल्विनच्या किंचित खालीच वितळू लागतो. दोन केल्विनपेक्षाही कमी अशी ही मोकळीक गरम चेंबरमधून प्रवास करताना टिकवायची असेल तर वाटेत वायू नसणे हीच सर्वांत सुरक्षित गोष्ट आहे.

वायूचे कवच

१९९२ मध्ये मांडल्या गेलेल्या सोम्ब्रेरो या आराखड्यात कार्बन-तंतूंच्या संमिश्राची भिंत साडेसहा मीटरवर ठेवली होती आणि चेंबरमध्ये अर्ध्या टॉर दाबाचा (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजाराव्या भागाहूनही कमी) झेनॉन भरला होता. झेनॉन क्ष-किरण आणि आयन गिळतो, तापतो, आणि ती उष्णता मिलिसेकंदांच्या अवधीत सावकाश भिंतीकडे सोडतो. नॅनोसेकंदांचा घाव मिलिसेकंदांवर पसरला की भिंतीला उष्णता आत वाहून नेण्याची उसंत मिळते. कल्पना सुंदर आहे, पण सोम्ब्रेरोची इंधनगोळी थेट पद्धतीची होती आणि तापलेल्या झेनॉनमधून गोठलेली उघडी इंधनगोळी नेताना तिचा बर्फ टिकेल का, या प्रश्नाने आराखड्याला ग्रासले. शिवाय कार्बनमध्ये ट्रिटियम साचून राहते आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याची उष्णतावहनाची क्षमता घटते, म्हणून आज कार्बनच्या भिंतीची शिफारस मी कोणालाही करणार नाही.

लिव्हरमोरमध्ये २००८ ते २०१३ च्या दरम्यान आखल्या गेलेल्या लाइफ या वीजकेंद्राच्या आराखड्याने हीच कल्पना अप्रत्यक्ष पद्धतीला जोडली, आणि तिथे ती नीट जुळली. होलराउमची डबी प्रवासात इंधनगोळीचे उष्णतेपासून रक्षण करते. त्यामुळे प्रति घनसेंटीमीटर सुमारे ६ मायक्रोग्रॅम घनतेचा झेनॉन चालतो, आणि होलराउममधून निघणाऱ्या त्या २५ टक्क्यांसारख्या मोठ्या क्ष-किरण वाट्याला तो भिंतीआधीच अडवतो. भिंत सुमारे ६ मीटरवर, पोलादाच्या नळ्यांची, आतून वाहत्या द्रव लिथियमने थंड होणारी.

लाइफच्या आराखड्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी सुधारणा मात्र वायूची नाही. तिथे मारा सोसणारी भिंत आणि निर्वात राखणारे पात्र हे दोन वेगळे घटक केले होते. आतली भिंत व तिच्यामागचे लिथियमचे आवरण सुट्या भागांत बांधायचे, त्यांना लेसरच्या नळ्या जोडायच्याच नाहीत, फक्त किरणांसाठी भोके ठेवायची, आणि आयुष्य संपले की पूर्ण आतला गाभा यंत्राने बाहेर ओढून नवा बसवायचा. याचे महत्त्व न्यूट्रॉनांच्या हिशेबातून कळते. १,००० मेगावॉट संमीलन-शक्तीच्या चेंबरमध्ये ५ मीटरवरच्या भिंतीला प्रति चौरस मीटर दोन मेगावॉटहून अधिक न्यूट्रॉन-भार पडतो, आणि एवढ्या भारात पोलादातला प्रत्येक अणू वर्षभरात सरासरी वीसहून अधिक वेळा आपल्या जागेवरून हलवला जातो. एवढ्या माऱ्यात तीस वर्षे टिकेल असा पदार्थ आज हाती नाही. तेव्हा भिंत अमर करण्याच्या मागे न लागता ती थोड्या वर्षांत, थोड्या दिवसांच्या कामात बदलता येईल अशी करणे, हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक उत्तर आहे.

वायूच्या मार्गातली अडचण शॉटच्या दराशी जोडलेली आहे. सेकंदाला १६ शॉट म्हणजे दोन शॉटमध्ये जेमतेम ६० मिलिसेकंद. तेवढ्यात वायू पुरेसा शांत व्हायला हवा आणि होलराउमच्या धातूची वाफ पुढच्या किरणांच्या आड येता कामा नये. वायूची घनता वाढवली तर भिंत अधिक सुरक्षित होते, पण तीव्र लेसरकिरण वायूतच प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, निर्माण करून विखुरण्याचा धोका वाढतो. या दोन मर्यादांमधली पट्टी अरुंद आहे.

ओली भिंत आणि जाड द्रव

ओल्या भिंतीत घन पृष्ठभागावरून द्रव धातूचा पातळ पापुद्रा सतत वाहतो. प्रत्येक शॉटला त्यातला थोडा उडतो आणि पुन्हा भरून निघतो. ओसाकाच्या कोयो-एफ आराखड्यात शिसे-लिथियमच्या मिश्रधातूचा असा प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, आणि एकाच लेसरचे शॉट चार चेंबरमध्ये वाटून प्रत्येकाला सेकंदाला ४ शॉट दिले आहेत. भार वाटून घेण्याची ही युक्ती इतर आराखड्यांनीही उचलण्याजोगी आहे. बाकी पातळ पापुद्र्याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही: तो क्ष-किरण व आयनांपासून वाचवतो पण न्यूट्रॉनांपासून नाही, छतावरून थेंब गळण्याची भीती कायम राहते, आणि वाफेचा त्रास मात्र द्रव-मार्गाचा पूर्णपणे भोगावा लागतो.

जाड द्रवाची गोष्ट निराळी आहे. लिव्हरमोरमध्येच १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या हायलाइफ आराखड्यात इंधनगोळी आणि भिंत यांच्यामध्ये द्रव लिथियमच्या धारांचा पडदा होता. नंतरच्या हायलाइफ-२ मध्ये लिथियमच्या आगीचा धोका टाळण्यासाठी त्याऐवजी लिथियम व बेरिलियम यांच्या फ्लोराइडांचे वितळलेले मीठ, म्हणजे फ्लाइब, घेतले. पडदा अर्ध्या मीटरहून जाड असला की न्यूट्रॉनांची बहुतेक ऊर्जा त्यातच मुरते, उष्णता तिथेच मिळते, ट्रिटियम तिथेच तयार होते, आणि मागची पोलादी भिंत केंद्राच्या पूर्ण आयुष्यभर टिकू शकते. धबधब्याच्या मागच्या कपारीत उभे राहिल्यावर समोरचा मारा पाण्यानेच झेलावा, तसा हा प्रकार आहे. या एका गुणामुळे १४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या न्यूट्रॉनांत टिकणाऱ्या पदार्थाचा, या संपूर्ण क्षेत्राला छळणारा प्रश्न जवळजवळ टळतो, आणि म्हणून मी या मार्गाकडे सर्वांत अधिक गांभीर्याने पाहतो.

मग सगळे याच मार्गाने का जात नाहीत? कारण द्रवाचा पडदा किरणांनाही अडवतो. ओमेगासारखे ६० किरण सर्व बाजूंनी सारखे आणायचे असतील तर जाड द्रवाला जागाच उरत नाही. हा मार्ग दोन किंवा मोजक्या दिशांनी येणाऱ्या किरणांनाच मानवतो, म्हणून तो प्रथम जड आयनांच्या झोतांसाठी विकसित झाला. कोलोरॅडोतील डेन्व्हरची एक्सिमर एनर्जी ही कंपनी आज क्रिप्टॉन-फ्लोराइड लेसरचे दोनच बाजूंनी येणारे किरण, सेकंदाला एकाहून कमी शॉट, प्रत्येक शॉट मोठा, आणि फ्लाइबची जाड वाहती भिंत अशी मांडणी करत आहे. या मांडणीत लेसर, इंधनगोळी, शॉटचा दर आणि चेंबर हे चारही घटक एकमेकांना पाहून ठरवलेले दिसतात, आणि हीच विचार करण्याची योग्य रीत आहे. शॉटचा दर कमी ठेवल्यामुळे उडालेला द्रव खाली बसायला आणि वाफ थिजायला पूर्ण सेकंदाहून अधिक वेळ मिळतो. मोबदल्यात इंधनगोळीची समतोल दाबणी केवळ दोन बाजूंच्या किरणांतून साधावी लागते, आणि ती मोठ्या प्रमाणावर अजून सिद्ध व्हायची आहे.

फ्लाइबच्या अडचणी रसायनाच्या आहेत. ते सुमारे ४६० अंशांना वितळते, त्यामुळे कुठेही थंड कोपरा राहता कामा नये. बेरिलियम विषारी आहे. आणि न्यूट्रॉनांच्या क्रियेतून तयार होणारे ट्रिटियम-फ्लोराइड पोलाद खाते, त्याला आवर घालण्यासाठी द्रवात धातुरूप बेरिलियमचा संपर्क राखावा लागतो.

ट्रिटियम आणि अंतिम प्रकाशिकी

दोन गोष्टी सर्व पर्यायांना समान लागू आहेत. १,००० मेगावॉट संमीलन-शक्ती वर्षभर चालवायला सुमारे ५५ किलो ट्रिटियम लागते आणि त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने साठवूनही ते घटतच जाते. जडपाण्याच्या अणुभट्ट्यांत, म्हणजे तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसारख्या ठिकाणी, ते उपपदार्थ म्हणून तयार होते. परंतु ते प्रमाण या गरजेपुढे अगदीच तोकडे आहे. चेंबरला स्वतःचे ट्रिटियम लिथियमपासून निर्माण करावेच लागेल, आणि भिंतीत किरणांसाठी पाडलेले प्रत्येक भोक त्या निर्मितीतून वजा होते. जाड द्रव इथे पुन्हा सरस ठरतो.

अंतिम प्रकाशिकीकडे मात्र आढाव्यांत कमी लक्ष दिले जाते आणि मला त्याची खंत वाटते. किरण जिथून आत येतो तिथूनच न्यूट्रॉन बाहेर जातो. शेवटचे भिंग किंवा आरसा भिंतीच्या मागे लपवता येत नाही. यावर दोन उत्तरे आहेत. लाइफने पातळ सिलिका-काचेचे भिंग गरम ठेवून न्यूट्रॉनांनी झालेली इजा उष्णतेनेच भरून काढण्याचा मार्ग घेतला. नौदलाच्या अभ्यासाने अगदी तिरक्या कोनात ठेवलेला धातूचा आरसा घेतला, ज्यावर किरण मोठ्या क्षेत्रावर पसरून पडतो. काचेचा मार्ग एनआयएफच्या लेसर-तंत्राशी जवळचा आहे, तर आरशाचा मार्ग जंबुपार लेसरला आणि दीर्घ आयुष्याला अधिक सोईचा. माझा कल आरशाकडे आहे, कारण त्याच्या जागेपासून एकदा वळलेल्या किरणाच्या मार्गात पुढची नाजूक काच न्यूट्रॉनांच्या थेट रेषेबाहेर ठेवता येते.

कोणी काय निवडावे

थेट पद्धत आणि अनेक दिशांचे किरण ठरलेले असतील तर कोरडी भिंत हाच व्यवहार्य पर्याय राहतो. त्रिज्या मोठी धरावी, टंगस्टनचे आवरण सुट्या पट्ट्यांत बसवावे आणि चुंबकीय बचावासाठी भोवती जागा राखून ठेवावी, भले तो पहिल्या दिवशी बसवायचा नसो. अप्रत्यक्ष पद्धत आणि सेकंदाला १० च्या आसपास शॉट असतील तर वायूचे कवच आणि बदलती पोलादी भिंत ही जोडी घ्यावी. किरण दोनच बाजूंनी येणार असतील आणि शॉटचा दर कमी असेल तर जाड द्रवाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही. पहिल्या दोन पर्यायांत भिंत आणि निर्वात-पात्र वेगळे असलेच पाहिजेत, या मुद्द्यावर तडजोड करू नये.

संशोधनाची दिशा निवडणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब थोडा वेगळा असतो, कारण त्याला चार-पाच वर्षांत प्रत्यक्ष मोजता येईल असा प्रश्न हवा असतो. जाड द्रवाच्या धारांचे वर्तन पाण्यावर तपासता येते आणि कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात हायलाइफ-२ साठी तसे काम झालेले आहे. द्रवगतिकी आवडणाऱ्या यंत्र-अभियंत्याला हे क्षेत्र प्रयोगशाळेतल्या टेबलावरून सुरू करता येते. टंगस्टनवरील हेलियम आणि उष्णतेच्या स्पंदांचा परिणाम हा विषयही लहान उपकरणांवर हाताळता येतो. भारतात गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत टंगस्टन आणि शिसे-लिथियम या दोन्हींवर काम चालते, जरी तिथला हेतू इंधन चुंबकीय क्षेत्राने कोंडणाऱ्या संमीलन-भट्टीचा असला तरी. या पदार्थांचे ज्ञान लेसर-चेंबरच्या कामी तसेच्या तसे येते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात उच्च-तीव्रतेच्या लेसरवर काम होते, आणि लेसरच्या आघाताने उडणारे अवशेष, भिंगांवर बसणारा त्यांचा थर, वारंवार शॉट घेताना लक्ष्य जागेवर आणण्याची यंत्रणा, हे चेंबरचे प्रश्न तिथल्या आकाराच्या लेसरवरही खरेखुरे आहेत. १४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या न्यूट्रॉनांनी पोलादाचे होणारे नुकसान हा विषय मात्र निवडण्यापूर्वी प्रयोगाची सोय कुठे आहे ते पाहून घ्यावे. त्यासाठीचा समर्पित न्यूट्रॉन-स्रोत स्पेनमध्ये ग्रानादाजवळ उभारला जात आहे आणि तो चालू होईपर्यंत या प्रश्नावरचे बरेचसे काम संगणकीय प्रतिमानांवर व अणुभट्टीतल्या कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनांवरच भागवावे लागेल.